आय माझं काम बघत नसे

लोक मला दोन तऱ्हांनी ओळखतात. वयस्क बायका म्हणतात, "त्या मालिकेतली सारखी रडणारी थोरली सून तुम्हीच ना?" आणि त्यांच्या लेकी म्हणतात, "अगं, या तर कालवणवाल्या." दोन्ही खरं आहे. आधी टीव्हीवर रडले, मग टीव्हीवर रांधलं, आणि पोट दोन्हींनी भरलं. कौतुक भरपूर झालं, त्याबद्दल माझी कुणाशी तक्रार नाही. पण एका बाईनं माझं काम बघावं म्हणून मी वर्षानुवर्षं झुरले, आणि ती बाई मी टीव्हीवर दिसले की उठून घरामागच्या परड्यात निघून जायची. ती माझी आई. आम्ही तिला आय म्हणायचो.

ती का उठायची ते सांगायचं तर गावापासून सुरुवात करायला हवी. आता वाशी म्हटलं की लोकांना मॉल आठवतो, नाहीतर कांद्या-बटाट्याचं मार्केट. मी लहान होते तेव्हा, पन्नासच्या नि साठच्या सालांत, तिथं खाडी होती, भातशेतं होती, मिठागरं होती आणि खाडीला चिकटून आमचं गाव. आजही गाव आहे तिथंच आहे, फक्त चारी बाजूंनी सेक्टर उगवलेत. माझे बाबा मिठागरात कामाला होते. उन्हाळ्यात बांधावर मिठाच्या राशी लागायच्या आणि त्यांच्याकडे बघून डोळे दुखायचे. आमच्या घरात मीठ कधी विकत आणलेलं मला आठवत नाही. चुलीशेजारी एक मडकं असायचं, त्यात खडं मीठ, करड्या रंगाचं, कायम दमट.

त्या मडक्यात आयचा हात गेला की मूठ भरून यायची आणि ती सरळ कालवणात रिकामी व्हायची. घरात दहा-बारा तोंडं, त्यामुळे एक मूठ. पाहुणे आले की मूठ आणि वर चिमूट. आणि एकदा मीठ पडलं की चाखायचं नाही. देवाला दाखवून घरातल्यांना वाढल्याशिवाय पळीला जीभ लावली तर अन्न उष्टं झालं, असा आमच्याकडचा नेम. मला शिकवताना आयनं माझी मूठ आपल्या मुठीत धरली होती. "जिभेला काय इचारतंस? बोटांना कलतंय," ती म्हणाली. तिच्या हातचं कालवण खारट झालंय किंवा अळणी झालंय असं कधी घडलं नाही. माझ्या हातचं झालं, आणि सगळ्यांनी ते मुकाट गिळलं, कारण ताटावर बसून नावं ठेवणाऱ्याला आय पुढची भाकरी वाढत नसे.

मीठ उदंड, पण पाणी नव्हतं. गोड्या पाण्याची विहीर दूर तुर्भ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. बायका उजाडायच्या आत हंडे-कळश्या घेऊन निघायच्या. ज्या गावात पाणी असं डोक्यावरून येतं, तिथं त्याचे कायदेही कडक असतात. आमचा कायदा एकच होता: पाणी मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, मग तो वैरी का असेना. आणि दुसऱ्यांदा मागायला लावायचं नाही. एखाद्यानं तुमच्या दारात दोनदा पाणी मागितलं, तर त्या घराला गाव वर्षभर बोल लावायचं. आमच्या शेजारणीशी आयचं हाडवैर होतं. कोंबड्यांवरून सुरू झालेलं ते भांडण कोंबड्या मेल्या तरी संपलं नव्हतं. दोघी ओट्यावर उभ्या राहून एकमेकींची सात पिढ्यांपर्यंत चौकशी करायच्या. पण मधेच शेजारीण "पानी दे गो" म्हणाली, की आय गप्प आत जाऊन तांब्या आणायची. शेजारीण प्यायची, तांब्या परत करायची आणि भांडण जिथं थांबलं होतं तिथून पुढं चालू व्हायचं.

गावदेवीच्या जत्रेला आमच्याकडे नाटक व्हायचं. बायकांची कामं पुरुषच करायचे. त्या वर्षी नायिकेच्या कामासाठी ठरलेल्या माणसानं ऐन वेळी मिशी काढायला नकार दिला. लग्न ठरत होतं त्याचं, मुलीकडचे बघायला आले तर काय दाखवू, म्हणाला. नाटक बसवणारे शाळेचे मास्तर हवालदिल झाले आणि त्यांनी बाबांकडे मला मागितलं. मी तेव्हा पंधरा-सोळाची असेन. पाठांतर चांगलं, आवाज खणखणीत आणि लाज तशी कमीच. बाबा आयकडे बघायला लागले. आय भाकरी थापत होती. "करू दे," म्हणाली, "पोर काय चोरी करतंय?" अख्ख्या गावात तेव्हा असं म्हणणारी दुसरी आई सापडली नसती. माझी सगळी कारकीर्द त्या एका वाक्यावर उभी आहे आणि मी ते कधी विसरले नाही.

नाटकात मी छळ सोसणारी सून होते. सासू झाला होता गावचा वाणी, पोटाला उशी बांधून. शेवटच्या अंकात सासू सुनेला दावणीला बांधते, पाण्याचा थेंब देत नाही आणि सून तहानेनं प्राण सोडते. मास्तरांनी मला पढवलं होतं, "पाणी" तीनदा म्हणायचं, प्रत्येक वेळी आवाज खाली आणत, आणि तिसऱ्यांदा मान टाकायची. दिवेलागण झाली, पेट्रोमॅक्स लागले, गाव जमलं. बायकांच्या बाजूला पुढेच आय बसली होती. जत्रेत घशाला कोरड पडते म्हणून घरून पाण्याचा तांब्या आणलेला, तो तिच्या मांडीशी होता.

मी पहिल्यांदा पाणी मागितलं तेव्हा मांडवात चिडीचूप. मला वाटलं, वा, जमतंय. दुसऱ्यांदा मागितलं तर आय उठून उभी. तांब्या हातात घेतला, पदर खोचला आणि बायकांमधून वाट काढत ती थेट स्टेजवर चढली. वाण्याला म्हणाली, "सरक." मग खाली बसून माझं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला. "पी गो बाय." मी काय करणार, प्याले. खरंच तहान लागली होती. आयनं मग वाण्याकडे मोर्चा वळवला. "पोर दोनदा पानी मागतंय, तुला लाज नाय?" वाणी बिचारा हात जोडून उभा. "वयनी, मास्तरांनी सांगितलंय तसं करतोय," म्हणाला.

मांडव हसून हसून आडवा झाला. मास्तर विंगेत कपाळ धरून बसले होते. पोटभर पाणी प्यालेली सून आता तहानेनं मारायची कशी, हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी पडदाच पाडला. आसपासच्या गावांत सगळीकडे त्या नाटकातली सून मरायची. आमच्या गावात तेवढी वाचली. लोक कित्येक वर्षं ती गोष्ट सांगून हसायचे आणि खोटं कशाला बोलू, मीही हसायचे.

घरी मात्र आय हसली नव्हती. ओट्यावर बसून होती, रिकामा तांब्या अजून हातात धरून. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण त्याआधी तीच बोलली. "मना ठाव व्हतं ते नाटक हाय," ती म्हणाली. "पन तू मागलंस ना गो. मी बसू कशी?" मग म्हणाली, "तुला करायचं ते कर. मी नाय म्हननार नाय. पन मना बघाया बोलवू नको." आयनं त्या दिवशी कानाला खडा लावला, आणि आमच्या घराण्यात शब्द म्हणजे शब्द.

पुढं मी लालबागला मामाकडे राहायला गेले. दिवसा शिवणक्लास, संध्याकाळी कामगारांच्या नाटकांच्या तालमी. साठची सालं संपली तोवर नाटकवाल्यांत माझं बऱ्यापैकी नाव झालं होतं. मुंबईत टीव्ही आला तेव्हा त्यांना रडता येणाऱ्या बायका हव्या होत्या, आणि मला रडण्यासाठी ग्लिसरीन लागत नसे. मग काय, मी टीव्हीवर नवऱ्यासाठी रडले, दिरासाठी रडले, परक्यांच्या पोरांसाठी रडले. गावात टीव्ही आला, तोही आमच्याच घरात, माझ्याच कमाईचा. सगळी आळी बघायला जमायची. माझा चेहरा दिसला की आय उठायची आणि परड्यातल्या शेवग्याखाली जाऊन बसायची.

मला राग यायचा. आख्खा महाराष्ट्र मला बघतोय आणि सख्ख्या आईला सवड नाही. एकदा मी भांडलेच. "एकदा बस माझ्यासाठी. एकच भाग बघ. बाकीच्यांच्या आया बघतातच ना?" आय सुका जवळा निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "तू रडलंस का मना पानी घेऊन धावावंसं वाटतं," ती म्हणाली. "त्या डब्यात कुठून धावू?" माझा राग काही गेला नाही, नुसता मवाळ झाला.

वय वाढलं तशा सुनेच्या भूमिका संपल्या आणि सासूच्या भूमिकांना माझ्यापेक्षा करड्या आवाजाच्या बायका होत्या. घरी बसायची वेळ आली तेव्हा एका निर्मातीनं विचारलं, "स्वयंपाकाचा कार्यक्रम कराल? तुमच्या गावाकडचं काहीतरी." मी लगेच हो म्हटलं, आणि कामापेक्षा जास्त आनंद मला दुसऱ्याच गोष्टीचा झाला. तडक गावी गेले. "आय, यात नाटक नाही," मी सांगितलं. "यात मी म्हणजे मीच, आणि कोलंबी म्हणजे कोलंबी." "रडनार नाय ना?" तिनं विचारलं. नाही म्हटलं. "मग बघीन," म्हणाली. मला त्या क्षणी नाचावंसं वाटलं.

पहिल्या भागाला कोलंबी आणि शेवग्याच्या शेंगांचं कालवण ठरवलं. खाडीच्या चिखलातल्या निवट्या दाखवल्या असत्या तर पुण्याच्या बायकांनी टीव्ही बंद केले असते. स्टुडिओत सगळं काचेच्या वाट्यांत मांडलेलं. मी बोलत होते, हसत होते, कढ आला तसा सवयीनं वाटीत हात घातला, मूठ भरली आणि पातेल्यात सोडली. ते मीठ पिठासारखं बारीक होतं, आणि माझी मूठ होती खड्या मिठाची. खड्या मिठात पोकळी राहते, बारीक मीठ मुठीत ठासून बसतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. आणि चाखून बघायचं तर मनातही आलं नाही, कारण मनात आय होती आणि आय चाखत नसे. जित्याची खोड, दुसरं काय.

शेवटी निर्मातीनं खूण केली, आता घास घ्या आणि हसा. मी घास घेतला. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी नाकातोंडात जावं तसं झालं. पण कोलंबी संपली होती आणि स्टुडिओ सोडायची वेळ झाली होती. पुन्हा करणं शक्य नव्हतं. इतक्या वर्षांचं रडणं-हसणं मग कामाला आलं. मी डोळे मिटले, हसले, "वा" म्हटलं आणि दुसरा घासही घेतला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दिवेवाल्यांपैकी एकानं मोठ्या हौसेनं भाकरी कालवणात बुडवली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि तडक पाण्याच्या माठाकडे गेला.

कार्यक्रम लागणार त्या दुपारी मी मुद्दाम गावी गेले. आय टीव्हीपुढं चटई टाकून बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून. मागे माझी वहिनी आणि आळीतल्या बायका. मी आयच्या शेजारी बसले आणि टीव्हीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. इतक्या वर्षांनी माझी आई मला बघत होती. "कांदा जाड कापलास," ती पडद्यावरच्या मला म्हणाली. "शेंगा कोवल्या हायत." मला हसू येत होतं.

पडद्यावर माझी मूठ वाटीत गेली. आय पुढं वाकली. तिनं पडद्यावरची मूठ बघितली, मग चटईवर टेकलेला माझा हात बघितला. मग तो घास आला. पडद्यावर मी डोळे मिटून हसले, "वा" म्हटलं. "काय चव लागली असेल," वहिनी मागून म्हणाली.

आय उठली. आली वेळ, चालली परड्यात. तिला मी वचन दिलं होतं की यात नाटक नाही, आणि नेमकं तेवढं एक हसू मी नाटकातलं हसले होते. सगळ्या महाराष्ट्राला ते खरं वाटलं, तिला वाटलं नाही.

पण ती परड्याकडे वळली नाही, आतल्या खोलीत गेली. भांड्याचा आवाज आला. परत आली तेव्हा हातात पाण्याचा तांब्या होता. गुडघ्यावर हात टेकत ती माझ्याजवळ खाली बसली आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

"पी गो बाय," ती म्हणाली.

मी पाणी प्याले. आयनं रिकामा तांब्या मांडीशी ठेवला, पदर सारखा केला आणि कार्यक्रम संपेपर्यंत ती तिथून उठली नाही.