ब्रेकचा आवाज घालवला त्याची गोष्ट

मोटारसायकलचा आवाज थांबवणं सोपं असतं. मोटारसायकल थांबवणं अवघड!

नव्वदच्या आसपास मी सिल्वासात सरकारी शाळेत विज्ञान शिकवत होतो. गाडीचे ब्रेक-शू झिजले, म्हणून बाजारातले लोकल बसवून घेतले. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला आणि बोळात डुक्कर अडकावं तशी किंकाळी उठली!

"नवा माल छे, मास्तर," गॅरेजवाले रमणभाई शांतपणे म्हणाले. "थोडा दिवस बोलशे. लय बोलला तर आणा, घासून देतो."

तो बोलला नाही, बोंबलला! शेजारचे पाटीलभाऊ धुळ्याकडचे, कारखान्यात कामाला. एकदा मी दारात ब्रेक मारला, तर ते ताटावरून उठून थेट कारखान्याकडे धावत सुटले. "मास्तर, माले वाटनं भोंगा वाजना!"

त्यातच माझ्या बहिणीला, सुमनला, बघायला मुलाचे वडील पालघरहून येणार असं ठरलं. त्यांना सगळे नाना म्हणत.

"अहो, नानांना त्या किंकाळीवर बसवून आणणार?" बायको कडाडली. "रमणभाईंकडे टाका गाडी!"

"रमणभाई कशाला? विज्ञान शिकवतो मी!"

(तेलाने घर्षण कमी होतं, हे मी आठवीला फळ्यावर आकृती काढून सांगायचो. ब्रेक घर्षणावरच चालतो, हे मात्र त्या धड्यात नव्हतं.)

मी दोन्ही चाकं उघडली आणि बायकोच्या शिवणयंत्राचं तेल ब्रेक-शूंना सढळ हाताने चोपडलं. अंगणात गाडी ढकलून ब्रेक दाबला. चकार शब्द नाही! नानांना आणायला निघालो. एसटी स्टँडपर्यंत सगळा चढ, त्यामुळे जाताना ब्रेक लागलाच नाही.

येताना मागे नाना, पांढरीशुभ्र टोपी घालून. "गाडी छान ठेवलीय हो!" म्हणाले. मी फुललो. मग उतार लागला.

ब्रेक दाबला. काही नाही. दोन्ही दाबले. गाडी उलट आनंदाने धावायला लागली! घाबरून मी क्लचही आवळून धरला, म्हणजे इंजिनाचा उरलासुरला लगामही सुटला.

दारात बायको पाण्याचा तांब्या घेऊन हसतमुखाने उभी. "या, या!" म्हणेपर्यंत आम्ही गेलो.

"अहो, घर हेच ना?" नानांनी विचारलं.

"हो. आधी जरा... परिसर दाखवतो!"

परिसरात समोर म्हशींचं डबकं होतं. मागून नवी साडी सावरत सुमन धावत आली. "दादा, क्लच सोड! क्लच!"

सोडला. गाडी गचका खाऊन, खोकून, डबक्याच्या काठावर गप्प झाली. नानांची टोपी मात्र थांबली नाही. ती एका म्हशीच्या डोक्यावर जाऊन बसली, आणि खरं सांगायचं तर तिला शोभत होती!

"क्लचचं तुला गं कसं कळलं?" नानांनी धापा टाकत सुमनला विचारलं.

"दादा जेवून झोपला की मीच चालवते ना गाडी!" ती बोलून गेली आणि जीभ चावली.

मी रागावणार होतो. पण म्हशीच्या डोक्यावरून पाहुण्यांची टोपी काढताना रागावता येत नाही!

नाना घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मुलगी पसंत. या घरात अक्कल एकीलाच दिसते. तेवढी आम्ही नेतो!"

मी कृतकृत्य होऊन त्यांना वाकून नमस्कार केला. त्या वाक्यात माझाही हिशेब झाला होता, हे बायकोने समजावून सांगेपर्यंत माझे सगळ्या आळीत पेढे वाटून झाले होते!