शीतलच्या लग्नापर्यंतचं पाणी

आमच्या ऑफिसात कामापेक्षा किस्से जास्त साठतात, असं आमचे सर म्हणतात आणि म्हणताना माझ्याकडे बघतात. त्याला माझा इलाज नाही. वाशिमात दोन खोल्यांचं ऑफिस, माणसं तीन. रेखाताई गावोगाव फिरून विहिरींची पातळी मोजून आणते. सर त्या आकड्यांवरून कम्प्युटरवर विहीर चालवून बघतात. इतका पाऊस झाला, इतक्या मोटारी चालल्या, तर पाणी कधीपर्यंत पुरेल? याला म्हणायचं सिम्युलेशन. आणि मी त्याचे ग्राफ काढते. एका सिनॅरिओची एक रेघ, दुसऱ्याची दुसरी, म्हणजे बघणाऱ्याला फरक दिसावा. यात किस्से होण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं!

*

सरांना एक खोड आहे. ग्राफ झाला की माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणतात, "यात अजून एक टाकून बघू." पाऊस कमी पडला तर. पाऊस कमी पडला आणि सगळ्यांनी हरभरा घेतला तर. पाऊस कमी, हरभरा आणि वर दोन नवीन बोअर झाले तर. मी बापडी रंग वाढवत गेले. एकदा एकाच ग्राफवर चौदा रेघा झाल्या. रेखाताई पाणी प्यायला आत आली, स्क्रीनसमोर थबकली आणि मला म्हणाली, "शेवया वाळत घातल्या का गं?"

त्या दिवशी मी नियम केला. एका ग्राफवर तीनच रेघा. सर अजूनही चौथी मागतात, मी देत नाही.

*

अनसिंगच्या पुढे एक गाव आहे, आमचे निम्मे किस्से तिथले. पहिल्या बैठकीत समाजमंदिरात चादर बांधून प्रोजेक्टर लावला. सरांनी 'सिनॅरिओ' हा शब्द चार वेळा समजावला. गावानं ऐकून घेतला आणि त्याचं सरळ 'जर' करून टाकलं. पहिला जर, दुसरा जर, तिसरा जर. आधीच असं म्हटलं असतं तर सरांचा अर्धा तास वाचला असता.

मग सरांनी विचारलं, कोणता जर गावाला पटतो? धडाधड हात वर झाले. सगळे हिरव्या रेघेला! आता झालं होतं असं की रंग मी निवडलेच नव्हते, सॉफ्टवेअरनं आपले आपण दिले होते. आणि हिरवी रेघ होती सगळ्यांनी मनाला येईल तेवढा उपसा केला तर, याची. अख्ख्या गावानं एकमतानं स्वतःच्या विहिरी कोरड्या करून टाकल्या. सर घाम पुसत होते. पुढे बसलेल्या एका आजीनं मलाच झापलं की हिरवं म्हटल्यावर माणूस चांगलंच समजणार ना बाई. आजीचं बरोबर होतं. परत आल्यावर मी त्या रेघेला मातीचा रंग दिला.

*

त्याच बैठकीत पहिल्या रांगेत संपतकाका होते. सत्तरीचे, दोन एकर भाजीपाल्याचं वावर, एक विहीर आणि पिशवीत एक दोर. दोराला हात-हात अंतरावर गाठी. दर रविवारी दोर विहिरीत सोडून काका पाणी मोजतात. आमची रेखाताई टेप घेऊन गावात यायच्या कितीतरी आधीपासून.

काकांनी ग्राफच्या खालच्या बाजूला बोट दाखवून विचारलं, हे मार्च म्हणजे होळीच्या अलीकडं का पलीकडं? मी मोबाइलमध्ये बघायला लागले. तोवर मागून कोणीतरी विचारलं, मे म्हणजे अखाजी धरायची का? अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया.

ऑफिसात येऊन मी महिने काढून टाकले आणि पोळा, दिवाळी, संक्रांत, होळी, पाडवा, अखाजी असे सण लिहिले. सर म्हणाले, अगं, सण दरवर्षी सरकतात, आता तू कम्प्युटरला पंचांग शिकवणार का? शिकवलं की! दोन दिवस गेले, पण पुढच्या बैठकीत तारीख कोणीच विचारली नाही.

*

आता माझी फजिती सांगते. चार विहिरींचे चार चौकोन काढले होते, एकाशेजारी एक. प्रत्येक चौकोनानं आपापली वेगळी मोजपट्टी धरली आणि माझ्या ते लक्षातच आलं नाही. काकांच्या विहिरीत पाणी चार हात, बांधाला लागून असलेल्या नामदेवच्या विहिरीत पंधरा हात, आणि चादरीवर दोन्ही विहिरी काठोकाठ भरलेल्या.

काका उठले. चादरीजवळ गेले, आपला चौकोन बघितला आणि पिशवीतून दोर काढला. कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं मला म्हणाले, "पोरी, येवढं पाणी माह्या इहिरीत असतं, तर मी या दोराले गाठी कायले मारल्या असत्या?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच बसून सगळ्यांना एकच मोजपट्टी लावली. नामदेवचा चौकोन तसाच भरलेला राहिला आणि काकांची रेघ तळाशी जाऊन बसली. मला त्यांच्याकडे बघवेना. पण काका मान हलवत म्हणाले, "आता बराबर. अशीच हाय ते."

त्या माणसावर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

*

संक्रांतीनंतर काका स्वतः ऑफिसात आले. नातीचं, शीतलचं, लग्न ठरलं होतं, अखाजीनंतर पाचव्या दिवशी. मांडव वावरात, विहिरीजवळ. ही विहीर काका आणि काकूंनी त्यांच्या लग्नाच्या वर्षी स्वतः खोदली होती. शीतलची हळदीची आंघोळ आणि मांडवातला स्वयंपाक याच पाण्यावर व्हावा, टँकर दारात येऊ नये, एवढीच त्यांची इच्छा होती. आजवर त्यांनी आमच्याकडे मागितलं ते एवढंच.

मी लग्नाच्या दिवसावर एक उभी रेघ मारली आणि तिन्ही जर चालवले. पहिली रेघ पाडव्यालाच तळाला गेली. दुसरी रामनवमीला. तिसऱ्यात काकांनी आपली भाजीसुद्धा सोडून दिली होती, तरी ती लग्नाच्या आठ दिवस आधी टेकली. काकांनी स्क्रीनवर बोट टेकवलं आणि मला म्हणाले, "या शेवटच्या रेघेले जराशीक वर नाई का करता येत, बाई?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या दिवशी मला माझ्या कामाचा राग आला.

काका गेल्यावर सर नेहमीसारखे मागे येऊन उभे राहिले. अजून एक टाकून बघू म्हणाले. या वेळी मी नियम मोडला. दोन्ही विहिरींचा झरा एकच होता, नामदेवची मोटार चालली की काकांचं पाणी खाली जायचं. पाडव्यापासून नामदेवची मोटार बंद, असा चौथा जर टाकला. रेघ सरकत सरकत लग्नाच्या रेघेला भिडली आणि पुढेही गेली.

*

पण नामदेव आणि काका चुलतभाऊ, आणि बांधावरच्या एका निंबापायी सहा वर्षं बोलणं बंद. पुढच्या बैठकीत सरांनी चौथी रेघ दाखवली. नामदेव उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माही वांगी आत्ता लागून राह्यली. त्याइले काय ग्राफ पाजू?" आणि निघून गेला. त्याचंही चूक नव्हतं, त्याचंही पोट त्या वांग्यांवर. काकांनी वर बघितलं नाही.

जे होणार नाही ते म्हाताऱ्याला पुन्हा कशाला दाखवायचं, म्हणून सरांनी चौथी रेघ काढायला लावली. काकांना प्रिंट दिली ती तीन रेघांची.

*

ती प्रिंट काकूंनी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवली. दर रविवारी काका दोर सोडायचे, गाठी मोजायचे आणि काकू तेवढ्या उंचीवर कुंकवाचं बोट टेकवायच्या. रेखाताईनं त्यांना स्केच पेन देऊ केलं होतं. काकूंनी परत केलं. इहिरीले पेन कायले, म्हणाल्या.

काका दर रविवारी मला फोनवर गाठी सांगायचे. पाडव्यानंतर त्यांचा फोन आला नाही. करायचा धीर मलाही झाला नाही. रेखाताईला विचारलं तर तीही त्या बाजूला गेली नव्हती, खरं तर टाळत होती.

*

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. मी रस्ताभर टँकर दिसतो का बघत होते. वावरात मांडव, विहिरीवर बायकांची गर्दी, आणि दोर खाली जाऊन भरलेली बादली वर येत होती. शीतलच्या केसांच्या मुळाशी अजून हळद होती.

मी आधी स्वयंपाकघरात शिरले. भिंतीवर आमची प्रिंट, तिन्ही रेघा तळाला गेलेल्या. आणि कुंकवाची बोटं पाडव्यापासून त्यांना सोडून वरून चालत आलेली, थेट लग्नाच्या उभ्या रेघेपर्यंत. सर चष्मा काढून जवळून बघत राहिले. प्रिंटवर नसलेली ती कोणती रेघ होती ते आम्हा तिघांना पाठ होतं.

पंगत बसली. माझ्या पानासमोरून बांधापलीकडचं वावर दिसत होतं. वांग्यांची झाडं उभ्या उभ्या वाळलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

बुंदी वाढत वाढत नामदेव आमच्यापर्यंत आला. डोक्याला फेटा, कोपरापर्यंत हात माखलेले.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमच्या कम्प्युटरचं काई खरं नाई. तिन्ही रेघा चुकल्या."

मी म्हटलं, हो भाऊ, चुकल्या.

त्यानं माझ्या पानात आणखी बुंदी वाढली आणि पुढे गेला.