भिंतीवरची रेघ

मुलुंडला आमच्या बागेच्या लांबलचक भिंतीलगत ती रोज सकाळी चालायची. सत्तरीची बाई, गोल साडी, पायात लेकाचे जुने बूट आणि मुठीत खडू. थोडं चालली की तिच्या पोटरीत कळ यायची. मग ती भिंतीला टेकायची, तिथेच एक रेघ मारायची आणि कळ ओसरली की पुन्हा निघायची.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिला चक्कर आली. बाकावरूनच मी ओरडलो, "आजी, बसा इथे!"

"बसान काय करू रे?" ती कडाडली. "साखरेन पायाच्या शिरा आवळल्यान. डॉक्टर सांगता, दुखूक लागला की थांब, कमी झाला की परत चल. दुखता म्हणान थांबलंय, हरलंय म्हणान नाय!"

भिंत खराब होते म्हणून वॉचमनने हटकलं, तर त्याच्या नाकासमोर तिने नवी रेघ ओढली. "पूस खुशाल. उद्याची हेच्या फुडेच आसतली."

आणि असायची. पहिल्या थांब्याची रेघ आधी नळापाशी होती, मग त्याच्याही पुढे फाटकापाशी गेली. मी बाकावर बसून कौतुक करायचो. शुगर मलाही आहे, चालायला मलाही सांगितलंय. पण गोळी घेतो ना, पुरे झालं!

गेल्या सोमवारी ती न थांबता थेट कोपऱ्यावरून वळली. बाकावरून रेघ दिसेना. ती कुठे थांबली ते बघायला शेवटी मी उठलो. कोपऱ्यापर्यंतच मला धाप लागली.

रेघ अजून बरीच पुढे होती.