मातीखालचे दाखवणाऱ्या विमलताई

विमलताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोऱ्या. सेविका म्हणून माझी नुकतीच नेमणूक झाली होती. काम पाहून शिकण्यासाठी मला महिनाभर लोणखेड्याजवळच्या त्यांच्या अंगणवाडीत धाडले होते. पोहोचले तर खोली रिकामी. मागच्या भिंतीपाशी तीन-चार वर्षांची पंधरा-वीस मुले चहाच्या कागदी कपांपुढे उकिडवी बसली होती आणि ताईही त्यांच्यात तशाच बसल्या होत्या. मागे न वळताच त्या म्हणाल्या, "या, बसा. आज तिसरा दिवस आहे."

त्या कपांत वालाचे दाणे पेरले होते. एवढ्या लहान मुलांना वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक कपावर वेगळे चित्र. पोपटाचा कप पूर्वाचा. ही पूर्वा रोज सकाळी आल्या आल्या बोटाने माती उकरून दाणा बाहेर काढी, बघे आणि पुन्हा पुरून ठेवी. मी तिला रागावले. ताईंनी मला बाजूला घेतले. "तिला बघायचंय, एवढंच. त्यात रागवण्यासारखं काय आहे?"

आठवड्याभरात बाकीचे कप हिरवे झाले, पोपटाचा तेवढा उगवला नाही. पूर्वा आपल्या कपाकडे फिरकेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी मुले यायच्या आत मी ताईंनी जास्तीचे दाणे पेरलेल्या ट्रेमधले एक रोप उचलून तिच्या कपात लावले. आपण फार शहाणपणाचे काम केले, असे मला वाटले. ताईंच्या ते लगेच लक्षात आले. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "हे तिचं नाही ना? मग काढा." मी काढले.

पूर्वा आल्यावर ताईंनी तिला मांडीवर घेतले आणि दोघींनी मिळून कप उकरला. दाणा मऊ पडला होता. पूर्वाने तो नाकाशी नेला. "वास येस, बाई."

"येईलच. रोज बाहेर काढला, मग तो कुजला. आता दुसरा लावू. हा तुला न उकरता दिसेल."

ताईंनी काचेच्या ग्लासात ओला कापूस भरला आणि काच व कापूस यांच्या मधे नवा दाणा सरकवून दिला.

नेमक्या त्याच दिवसांत पूर्वाचे आजोबा तिचे नाव काढायला आले. प्रकाशा गावाच्या बाजूला त्यांचे केळीचे आणि कापसाचे शेत. शहाद्याच्या इंग्रजी शाळेची गाडी गावात येऊ लागली होती, दोन मुले आधीच तिकडे गेली होती. आजोबा दारातूनच म्हणाले, "पोरले माटीमाच बसाडनं व्हतं ते मन्हा वावर काय कमी शे?"

ताई म्हणाल्या, "नाव काढा, मी कागद देते. पण आधी घडीभर बसा."

एवढ्यात पूर्वा ओरडली, "बाई, येले पाय फुटना!" दाण्यातून पांढरे मूळ निघून खाली वळले होते. ती आजोबांचा हात ओढत ग्लासापाशी घेऊन गेली. आधी पाय खाली जातो, मग डोके वर येते, कापूस सुकला तर दाण्याला तहान लागते, हे सारे तिने त्यांना बोट लावून सांगितले. घरी चार शब्द न बोलणारी ही मुलगी, हे मला त्यांच्याकडूनच नंतर कळले. आजोबा चष्मा सावरून बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वरीस बी पेरं, बाई. पन खाले काय व्हस, हाई आज देखं." कागद त्यांनी मागितला नाही.

महिना संपवून मी तळोद्याहून जीपने वर, सातपुड्यातल्या माझ्या गावी रुजू झाले. तिथे माझे काही चालेना. मुले माझ्याकडे नुसती बघत बसत. नोकरी सोडते, असे मी ताईंना फोनवर सांगितले. चौथ्या दिवशी त्या पिशवी घेऊन जीपमधून उतरल्या. थोडा वेळ माझा वर्ग पाहिला आणि विचारले, "तुम्ही घरी काय बोलता?"

"पावरी."

"मग इथं का नाही बोलत?"

ताईंनी पिशवीतले तऱ्हेतऱ्हेचे दाणे मुलांपुढे पसरले आणि एकेका दाण्याचे नाव त्यांनाच विचारले. मुलांनी पावरीत सांगितले. ताईंनी ते चुकीचे उच्चारले, तशी मुले खदखदून हसली आणि त्यांना दुरुस्त करू लागली. त्या दिवसापासून माझा वर्ग बोलता झाला.

जाताना त्यांनी विचारले, दिवाळीनंतर यांतली किती मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात? जवळजवळ सगळीच, मी म्हणाले. त्यांनी काढलेला वाल पिशवीत परत ठेवला आणि मूग व मेथी काढून दिली. "हे लवकर होतं. जाण्याआधी प्रत्येकानं आपलं उगवलेलं खाल्लं पाहिजे."

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या आम्ही सेविका तळोद्यापासून शहाद्यापर्यंत पसरलो आहोत, आणि त्यांचे नाव सांगताना आमची मान ताठ होते. ताई, गुडघे दुखतात हे तुम्ही लपवता, आम्हाला ठाऊक आहे. औषध वेळेवर घ्या, दुपारी थोड्या पडत जा. तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. आम्हाला अजून पुष्कळ चुका करायच्या आहेत, आणि त्या तुमच्यासमोरच करायच्या आहेत.