विहिरीत उतरलेलं बोटीचं कडं

पाटोद्याच्या बाजाररस्त्यावर दोन शटरच्या गाळ्यात मी बोटींचं संग्रहालय चालवतो. समुद्र बघायचा तर इथून दिवसभर एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात, त्यामुळे लोक आधी हसतात आणि मग चपला काढून आत येतात. माझी उमेदीची वर्षं मुंबईला जहाजांच्या भंगारात गेली. मोडीत निघालेल्या प्रवासी बोटींवरचं जे वितळवायला नाहीतर फेकायला चाललं होतं, त्यातलं थोडं मी उचलून आणलं. पितळी घंटा, जेवणघरातल्या निळ्या काठाच्या बशा, डेकवरची घडीची खुर्ची, आणि बुडत्याला फेकतात ते पांढरं गोल कडं.

कड्याचं कॅनव्हास शाबूत होतं, तरंगण्यासाठी आत भरलेल्या बुचाचा मात्र भुगा झाला होता. मी शिवण उसवून तो काढला, शिंप्याकडच्या चिंध्या ठासून भरल्या, मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले आणि वरून रंगाचा हात दिला. बघणाऱ्याला कालच केल्यासारखं वाटावं. संग्रहालयात वस्तूचा आकार राखायचा असतो, तिला कामाला लावायचं नसतं. हे मला इतकं उघड वाटायचं की घरी कुणाला बोललोच नाही. "हात लावू नका, खराब होईल," एवढं मात्र येईल त्याला बजावायचो. सगळ्यात जास्त धाकट्या भावाच्या पोरीला, कारण शाळा सुटली की तिचा मुक्काम तिथंच.

परवाच्या उन्हाळ्यात मी कपाटाची काच आणायला बीडला गेलो होतो. दुपारी परत आलो तर शटर अर्धं वर आणि कड्याचा हूक रिकामा. एक चावी भावाकडे असते. शेजारचा चहावाला म्हणाला, "तुमचा भाऊ गेला की घेऊन. पोरीला पवायला शिकवायचंय म्हनला. भोपळा फुटला त्यांचा."

आमच्याकडे पोरं विहिरीतच पोहायला शिकतात. पाठीला वाळलेला भोपळा, कमरेला दोरी आणि वरून एक ढकल.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. चिंध्या लगेच बुडत नाहीत. थोडा वेळ तरंगतात, मग पाणी पितात. म्हणजे पोरगी विहिरीच्या मधोमध जाईपर्यंत ते कडं तिला सांभाळणार होतं, आणि मग दगा देणार होतं. भावाला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. गाडी काढली आणि विहिरीकडे सुटलो. शेताच्या वाटेवर शेळ्या आडव्या आल्या, त्या गुराख्याला मी वाट्टेल ते बोललो. देवाला नवस बोलत होतो आणि त्याच तोंडाने भावाला शिव्या देत होतो. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

विहिरीतून आवाज येत नव्हता. काठावर जाऊन उभा राहिलो, पण वाकून बघायची हिंमत होईना. शेवटी पाहिलं. पाण्यावर काहीच नव्हतं. मग खालच्या पायरीवर भाऊ दिसला, कपड्यांसकट चिंब, आणि त्याच्या मांडीत पोरगी.

"कामून नेलं रे ते?" मी वरूनच ओरडलो.

"दादा, बोटीवरचं हाय ना ते," तो म्हणाला. "दर्यात चालतंय तर हिरीत चालंल म्हनून दोरी बी न्हाई बांधली." त्याने पोरीला आणखी जवळ ओढलं. "बुडाया लागलं. मी उडी टाकली, म्हनलं सोड ते. पर ही सोडंच ना. खाली चालली तरी सोडंना. बोटं उकलून काढावी लागली, दादा."

मी खाली उतरलो. पोरीचे ओठ निळे पडले होते, दात वाजत होते.

"मोठेबाबा," ती म्हणाली, "म्या लई घट धरलं व्हतं. खराब हुईल म्हनून. तरी बी बुडालं."

आणि मी मारीन या भीतीने तिने बापाच्या छातीत तोंड लपवलं.

कडं नंतर गळ टाकून काढलं. आता ते पोट उसवूनच मांडलंय, आतल्या चिंध्या दिसतील असं. पोरगी अजून येते. हात पाठीमागे बांधून लांब उभी राहते. मी म्हणतो, "लाव गं हात, काही होत नाही." ती नुसती नाही म्हणून मान हलवते.