हौसेरावकाकांची दुपारची झोप

माझे काका हौसेराव साताऱ्याहून आलेले, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात तीस वर्षं माथाडी. दुपारी पोत्यांवर आडवे झाले, की ट्रक घाट चढतोय असं घोरायचे. मध्येच श्वास बंद. मग टोळीतले सगळे पोती मोजतात तसे, एकाला 'लाभ' म्हणत, ओरडायचे, "लाभ, दोन, तीन..." बाराच्या आसपास काका फुर्रकन दचकून उठायचे आणि हशा पिकायचा. मी घरी सेम टू सेम करून दाखवायचे. काकाच जास्त हसायचे.

डॉक्टर नाही हसले. "झोपेत श्वास अडला की दरवेळी हृदयावर ताण येतो. बीपी त्यामुळंच उतरत नाही तुमचं. रोज नाकाला श्वासाची मशीन लावून झोपा."

घरी शालनकाकू म्हणाली, "आवं, लावा की ती मशीन!"

"गप ए! नाकाला नळी लावाया मी काय आयसीयूत हाय? घोरतोय म्हंजी झोप झ्याक लागतीया."

मशीन खोक्यातच राहिली. मागच्या मंगळवारी मोजणी तिसाच्या पुढं गेली. टोळीला वाटलं, हौसेराव मुद्दाम दम धरून मस्करी करतोय. पन्नासपर्यंत सगळे हसत मोजत राहिले. मग मुकादमानं त्यांच्या नाकाशी हात धरला.