बायकांच्या सीटवरची कोल्हीण

मी कागलच्या शाळेत शिकवायला जाते, त्या सकाळच्या बसमध्ये ती रोज माझ्या पलीकडच्या रांगेतल्या सीटवर असायची. अंगात शर्ट-पँट, गालावर खुरटी दाढी. सगळे तिला पुरुष समजायचे, पहिले काही महिने मीही. ती मोबाईलवर शेतीचा गेम खेळायची, नाहीतर वहीत बॉलपेनानं चित्रं काढायची. दोन्हीकडं एकच कोल्हीण असायची, काठापदराची साडी नेसलेली, कानात झुबे घातलेली. शेपटीचा एकेक केस ती जीभ दाताखाली धरून काढायची.

एकदा मी विचारलं, "ही कोण हो?"

"मी हाय की, बाई." मग आवाज उतरला. "गेममधी कोण इचारत न्हाय. कोल्हीण म्हटलं की कोल्हीण."

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची, बायकांसाठी राखीव सीट रिकामी होती. तिथली पिशवी मी मांडीवर घेतली आणि म्हणाले, "इथं बसा." ती बसली. पदर सावरावा तसा तिनं शर्ट सारखा केला.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, बायकांची शीट हाय ती. उठा!"

सगळी बस हसली. तिनं माझ्याकडं बघितलं. 'मीच बोलावलंय' एवढंच मला म्हणायचं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

ती उठली आणि दांडीला टेकून, उभ्यानंच चित्र काढत राहिली. उतरताना ते पान फाडून तिनं माझ्या पिशवीवर ठेवलं. त्यानंतर ती त्या बसला कधी दिसली नाही.

पानावर आमची सीट होती. खिडकीशी मी, शेजारी ऐसपैस बसलेली कोल्हीण, समोर कंडक्टर. आणि चित्रातली मी त्याच्या डोळ्यांत बघून बोलत होते.